प्रमाण माणूस

काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला आकडा पसंत पडला नाही, की तो खाली उतरून आधी चपला काढतो. मग घड्याळ काढतो. मग खिशातल्या किल्ल्या, चष्म्याची डबी, सुटी नाणी, रुमाल अशा क्रमाने स्वतःला हलके करीत जातो. एवढे करूनही आकडा हलला नाही, तर काढण्यासारखे फक्त शरीर उरते, आणि तेवढे काढून ठेवायची सोय दवाखान्यात अजून झालेली नाही. वजनमापे खात्यातले ज्येष्ठ निरीक्षक एका सकाळी दवाखान्याच्या काट्यावर नेमके याच टप्प्यावर येऊन थांबले होते.

निरीक्षकांना साखरेचा आजार होता. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे पाहुण्यासारखा सावकाश येऊन पुढे घरच्यासारखा राहणारा. निरीक्षक स्वभावाने भिडस्त होते. एखाद्या दुकानदाराच्या तराजूत खोट सापडली, तर दुकानदाराच्या आधी तेच ओशाळत. पुस्तकांची आवड भलती, त्यामुळे प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक असत आणि कुठलीच पटत नसे. त्यांचा ठाम विश्वास एकट्या खात्याच्या नियमावलीवर होता, कारण ती आपण लिहिलेली नाही याची त्यांना खात्री होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी निरीक्षकांना आडवे केले, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याने तळपायाला ठिकठिकाणी टोचून "कळतंय का?" असे त्या विचारत राहिल्या. निरीक्षक दरवेळी हो म्हणाले. कुणी इतक्या आपुलकीने विचारत असताना नाही म्हणणे त्यांना बरे वाटेना.

"काका, शेवटच्या दोन वेळा मी दोरा लावलाच नव्हता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळे नीट उलगडून सांगितले. पोटाभोवतीची चरबी शरीरातल्या इन्सुलिनला काम करू देत नाही. साखर रक्तात साचते, आणि मग एखादी कटकटीची फाइल टेबलाटेबलावरून फिरावी तसा हा आजार हृदय, मूत्रपिंडे, डोळे, पाय असा फिरत राहतो. तुमची फाइल पायापाशी पोचली आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. वजनाचा दहावा हिस्सा जरी उतरवला तरी पुष्कळ फरक पडेल. नाही उतरवला तर इंजेक्शन सुरू करावे लागेल. शिवाय रोज तळपाय पाहायचे. पायाला काही लागले तर ते कळणार नाही, जखम चिघळेल, आधी बोट जाईल आणि मग पाय.

निरीक्षकांनी मान वाकवून खाली पाहिले. तळपाय राहोत, पावलेही दिसली नाहीत. मध्ये पोट होते.

घरी आल्यावर त्यांनी हे सारे बायकोला सांगितले, म्हणजे इंजेक्शनपर्यंतचे सांगितले आणि पायाचे तिने काढून घेतले. ती म्हणाली, पाय मी बघत जाईन, चालायचं मात्र तुम्हालाच लागेल. निरीक्षकांनी ते मान्य केले आणि वाचनालयातून वजन कमी करण्यावरची मिळतील तेवढी पुस्तके आणली. चालण्यावरचे पुस्तक त्यांनी बसून वाचले. कमी खाण्यावरचे वाचताना शेजारी बिस्किटांची बशी होती. त्या पुस्तकात लेखकाने एका प्रकरणाचा दुसऱ्या प्रकरणाशी मेळ घातलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि जोवर लेखकाचेच एकमत नाही तोवर आपण घाई करणे बरे नव्हे, असे त्यांनी ठरवले. रोज झोपताना ते उद्यापासून चालू लागत.

पुढच्या तपासणीला काटा आणखी वर गेला.

त्या क्षणी निरीक्षकांच्या मनात लाज होती, भीती होती, सुईचे टोक तर स्पष्ट दिसत होते. पण तोंडातून बाहेर पडले ते उभ्या नोकरीच्या सवयीचे वाक्य.

"या काट्याची पडताळणी कधी झाली होती?"

डॉक्टरबाईंना पडताळणी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. निरीक्षकांनी गुडघे टेकून काट्याचा तळ पाहिला. पडताळणीचा शिक्का नव्हता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. निरीक्षकांच्या हाती अख्खे कलम लागले.

दुसऱ्या दिवशी ते प्रमाण वजनांची पेटी घेऊन दवाखान्यात हजर झाले. ही लोखंडी वजने खात्यात खरेपणाची अखेरची हद्द मानली जात. पेटी त्यांनी जिन्यावरून स्वतः वाहून आणली, आणि गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या शरीराला झालेला हा पहिला व्यायाम होता. बाकावरच्या सगळ्या रुग्णांनी माना वळवल्या. त्यांत बेकरीवाला होता. त्याच्या दुकानातला तराजू निरीक्षक वर्षानुवर्षे तपासत आले होते आणि साखर दोघांनाही होती. फरक एवढाच, की बेकरीवाला ती विकतही असे.

निरीक्षकांनी एकेक वजन काट्यावर रचले आणि आकडा वाचला. काट्यात दोष होता. दोन किलोंचा ढळढळीत दोष होता. फक्त तो उलट्या बाजूने होता. काटा दोन किलो कमी दाखवत होता.

म्हणजे खरे वजन, दिसत होते त्याहून दोन किलो जास्तच होते.  नियमावलीनुसार दोष तो दोषच. तो गिऱ्हाइकाच्या बाजूचा की दुकानदाराच्या, यावरून काही काट्याला सूट मिळत नाही. निरीक्षकांनी काट्याला तार बांधली, तारेला शिशाचे सील ठोकले आणि 'सदोष आढळल्याने वापरास मनाई' अशी चिठ्ठी लावली. दोष कोणत्या दिशेचा हे कुणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गप्प बसणे होते.

"काका, काटा बंद केलात तरी तुमचं वजन चालूच राहणार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पण तिकडे बाकावर आनंदाचे भरते आले होते. बेकरीवाला उठून म्हणाला, की मी पहिल्यापासून सांगत होतो, एवढा माणूस एवढ्या वजनाचा असूच शकत नाही. त्याने निरीक्षकांचा हात धरून हलवला. आजवर हा हात दिसला की तो आधी तराजू पुसायला घेत असे.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," ती म्हणाली. "अंगणाला सील ठोकणारे तुम्ही पहिलेच."

हे वाक्य निरीक्षकांना लागले. एरवी ते कशाचाही दोन्ही बाजूंनी विचार करीत. या वाक्याला दुसरी बाजू सापडेना. दुसऱ्या दिवसापासून ते खरोखरच पहाटे उठून चालू लागले. बिस्किटांची बशी त्यांनी आपण होऊन कपाटावर ठेवली. काही आठवड्यांत पट्टा एका भोकाने आत आला. बायको रोज संध्याकाळी त्यांचे पाय मांडीवर घेऊन तळवे पाही आणि काही बोलत नसे. तिच्या बाबतीत तो कौतुकाचा प्रकार होता. सगळे एवढ्यावर राहिले असते तर निरीक्षक बारीक झाले असते आणि ही गोष्ट लिहायचे कारण पडले नसते.

पण बातमी पसरली होती. वजनमापे खात्याच्या दारात लोक घरगुती काटे काखोटीला मारून रांगेत उभे राहू लागले. घरातले काटे थोडेफार चुकीचे असतातच. त्यांना सील लागे आणि मालक नोकरीत कायम झाल्यासारखा घरी जाई. ज्यांचे काटे बरोबर निघत त्यांची मात्र समजूत घालता घालता नाकी नऊ येत. आमच्याच काट्याने कुणाचं घोडं मारलंय, असे ते विचारत. एका बाईंनी तर बरोबर निघालेला काटा घरी नेला, जिन्यावरून खाली सोडला आणि पुन्हा तपासायला आणला. या वेळी तो नियमाप्रमाणे सदोष ठरला. बाई जाताना सद्गदित झाल्या होत्या.

हे सारे उपनियंत्रकांच्या कानावर गेले. उपनियंत्रक म्हणजे निरीक्षकांचे वरिष्ठ. त्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी तोंडावर आली होती, आणि त्यांचा घेर त्यांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांना मान्य नव्हता. त्यांनी तातडीने परिपत्रक काढले. शहरातल्या यच्चयावत दवाखान्यांतले काटे पुढील आदेशापर्यंत सीलबंद करण्यात यावेत आणि माणसे तोलण्याच्या प्रश्नाचा सखोल अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्यात यावी.

समितीच्या पहिल्याच बैठकीत एका सदस्याने आक्षेप घेतला, की लोखंडी वजने ही माल तोलण्यासाठी आहेत आणि माणूस हा माल नव्हे. हे मत इतके उदात्त होते, की त्याला विरोध करायचा धीर कुणाला झाला नाही. मग प्रश्न असा उभा राहिला, की माल तोलायला जसे प्रमाण वजन, तसा माणूस तोलायला प्रमाण माणूस हवा. हवामान, पाणी, आहार, उपचार यांपैकी कशाचाही ज्याच्या वजनावर परिणाम होत नाही, असा. उपनियंत्रकांनी निरीक्षकांकडे पाहिले.

"डॉक्टरांनी एवढे उपाय केले, पण तुम्ही हललात का?" ते म्हणाले. "यालाच स्थिरता म्हणतात."

"तेव्हा ते वाढलं होतं, साहेब," निरीक्षक हळूच म्हणाले. "हल्ली जरा उतरतंय."

"वाढीचं सोडा हो. खात्याला चिंता असते ती घटीची. आणि उतरतंय म्हणजे काय? थांबवा ते."

एरवी निरीक्षकांनी नियमावली उघडली असती. पण आदेश निघाला तो नियमावलीची पुरवणी म्हणूनच. सदर कर्मचाऱ्यास प्रमाण माणूस म्हणून घोषित करण्यात येत असून, सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांच्या वजनात घट करण्यात येऊ नये. पहाटेचे चालणे तत्काळ प्रभावाने बंद झाले. कपाटावरची बशी खाली आली. आता तिच्यातली बिस्किटे खात्यातर्फे येत आणि ती पुरवायचे काम बेकरीवाल्याने मोठ्या भक्तिभावाने घेतले होते. बायकोने विचारले, की चालायला नेमकी कसली मनाई आहे. निरीक्षकांनी पायमोजे घालत उत्तर दिले, की चालण्याने सरकारी मालमत्तेची झीज होते. असे बोलताना आपल्याला थोडे हायसे वाटले, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी तपासले आणि गप्प बसले.

एक अडचण उरली. प्रमाण माणसाचे वजन किती, हे ठरायचे होते, आणि ते ठरवायला शहरातल्या एकाही दवाखान्यात काटा चालू नव्हता. उपनियंत्रकांनी तोडगा काढला. दवाखान्यातल्या त्या पहिल्या काट्यावर सील ठोकण्यापूर्वी जो आकडा दिसला होता, तोच प्रमाण मानण्यात यावा. तो आकडा खऱ्याहून दोन किलो कमी होता, हे सांगायची ही दुसरी संधी होती. निरीक्षकांनी तोंड उघडले. समोर खात्याची बिस्किटे होती. त्यांनी एक उचलले.

मग दौरा सुरू झाला. निरीक्षक दवाखान्यामागून दवाखाना घेत चालले. प्रमाण माणूस प्रमाण अवस्थेत, म्हणजे अनवाणी, काट्यावर उभा राही. काटा अर्थातच ठरलेल्या आकड्याच्या पुढे धावे. तो पुढे धावतो म्हणजे सदोष, म्हणून त्याला मागे ओढून ठरलेल्या आकड्यावर आणत. दौऱ्यात बिस्किटांचा पुरवठा चोख असल्याने शेवटच्या काट्यांना पहिल्यांपेक्षा बरेच मागे ओढावे लागले. आठवड्याभरात अख्खे शहर बारीक झाले. आरोग्याचे काम पाहणाऱ्यांनी शहराचे सरासरी वजन उतरल्याचे जाहीर केले, उपनियंत्रक वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाले, आणि आपण एका पैशाचाही व्यायाम न करता इतके हलके झालो म्हणून बेकरीवाला स्वतःच्याच दुकानातला केक स्वतःच विकत घेऊन खाऊ लागला. डॉक्टरबाईंचा काटा सर्वांत शेवटी मागे ओढला गेला. त्यांनी तो सुरू करून घेतला आणि त्या म्हणाल्या, "आता माझा प्रत्येक पेशंट सुधारलाय. बरा तेवढा कुणीच होत नाहीये."

सील काढताना तोडलेल्या तारांचे तुकडे दवाखान्यांतून इकडेतिकडे पडलेले असत. त्यांतला एक कुठल्यातरी दवाखान्यात निरीक्षकांच्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटात शिरला. कोणत्या दवाखान्यात, हे सांगता येणार नाही, कारण निरीक्षकांनाही ते कळले नाही. त्यांनी वर पायमोजा चढवला, बूट घातला आणि दौरा पूर्ण केला. दौऱ्यात मुक्काम खात्याच्या विश्रामगृहात असल्याने संध्याकाळी पाय मांडीवर घेणारे कुणी नव्हते. स्वतः पाहायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. मध्ये प्रमाण पोट होते.

ते घरी आले तेव्हा बायकोने आधी नाकाला पदर लावला आणि मग मोजा काढला.  तिने पाय तसाच मांडीवर घेतला आणि शेजाऱ्याला रिक्षा बोलवायला सांगितले.

बोट काढावे लागले.

उपनियंत्रक इस्पितळात भेटायला आले. तब्येतीची चौकशी झाल्यावर त्यांनी जरा घसा साफ केला. प्रमाण माणसाच्या रचनेत परवानगीविना घट झाल्याने खात्यापुढे पेच उभा राहिला होता. सगळे काटे पुन्हा ओढायचे म्हणजे मोठे काम. त्यापेक्षा ते बोट इस्पितळाकडून बाटलीत घालून मिळाले, तर निरीक्षकांनी काट्यावर उभे राहताना बाटली खिशात ठेवायची, इतकेच. बाटलीचे वजन अर्थात वजा धरण्यात येईल, असे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितले. खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांना लगेच कुठल्याशा बैठकीला जायचे असल्याची आठवण झाली.

ते गेल्यावर डॉक्टरबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. जखम भरायची तर साखर आटोक्यात यायला हवी, साखर आटोक्यात यायची तर इंजेक्शन आजच सुरू करायला हवे, नाहीतर आज बोटावर भागले ते उद्या पायावर जाईल, हे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "किती द्यायचं ते वजनावरून धरायचं असतं. खऱ्या वजनावरून. काका, या शहरात आता खरं वजन कुणाकडे आहे?"

 सुईची भीती निरीक्षकांच्या मनात अजून होती, पण ती आता रांगेत फार मागे उभी होती.

"माझ्याकडे," ते म्हणाले. "पेटीत. टेबलाखाली."

पेटी बायकोने आणली. खात्यातल्या कुणालाही न विचारता ती ऑफिसात शिरली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तिलाही कुणी विचारले नाही. डॉक्टरबाईंचा दवाखाना इस्पितळाच्या समोरच होता. बाके भरलेली होती. निरीक्षक कुबडी टेकत आत आले. बायको पेटीतले एकेक वजन देत गेली, निरीक्षक ते काट्यावर मांडत गेले आणि मागचा स्क्रू फिरवत आकडा वजनांशी जुळवत गेले. मग त्यांनी वजने उतरवली, कुबडी भिंतीला टेकवली आणि बायकोच्या खांद्यावर हात न ठेवता क्षणभर काट्यावर उभे राहिले. डॉक्टरबाईंनी आकडा लिहून घेतला. तो लिहायला थोडा वेळ लागला.

निरीक्षक उतरले आणि बाकांकडे वळले. 

"पहिल्यांदा मी हा काटा बंद केला, तेव्हा तो चुकीचा होता," ते म्हणाले. "पण तो कमी दाखवत होता. मला माहीत होतं. पुढं मी सगळ्या शहराचे काटे त्याच्याही मागे नेले. आता एवढा एक खरा आहे. कुणाला बघायचं असेल त्यांनी या."

 मग बेकरीवाला मायेने म्हणाला, की साहेब, कमी दाखवणारा का होईना, चुकीचा काटा तुम्ही बंद केलात ते योग्यच केलंत. आणि आमचं म्हणाल तर आमचं मागच्याच आठवड्यात झालंय, झकास आलंय. त्याच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, की आपण पेशंट नाही, मेव्हण्याबरोबर आलोय. मेव्हण्याने आपण मेव्हण्याबरोबर आल्याचे सांगितले. एका बाईंना तेवढ्यात फोन आला, म्हणजे वाजला नाही, पण आला.

फक्त कोपऱ्यातल्या बाकावरचे एक वाचक सबबीच्या भानगडीत पडले नाहीत. ते कसलीशी गोष्ट वाचत बसले होते. काट्यावर चढलेल्या कुठल्यातरी जाड्या माणसाची फजिती असावी, कारण मधूनमधून ते गालात हसत होते आणि दुसऱ्या हाताने पुडीतले काहीतरी तोंडात टाकत होते. डॉक्टरबाईंनी त्यांना दोनदा हाक मारली आणि काट्याकडे हात केला. गोष्टीची शेवटची ओळ आली, तरी त्यांनी मान वर केली नाही.